परक्या झाडाखाली

तेपाएरू समुद्रावरून परतली, तर परसात एक अनोळखी तरुण उभा! हातात कोयता, कानावर तिआरेचं पांढरं फूल... आणि तिच्या लालभडक फुलांच्या पिचकारीच्या झाडावर रंगाची ओली फुली.

"ए! कुणाला विचारून?"

"शेजारचे काका हो म्हणाले..." तो गडबडला. "मी तामारुआ. मूळचा इथलाच, ऑकलंडहून आलोय, डोंगरावरच्या रानाच्या कामाला. हे झाड परकं आहे. बी उडतं, वर रुजतं आणि आपली जुनी झाडं मारतं. काढावं लागेल."

"काका कोण लागून गेले? आणि म्हणे परकं! माझ्या आईनं फिजीहून मांडीवर आणलंय ते. तुझं तिआरे तरी कुठं इथलं? तेही होडीतूनच आलं!"

"ती होडी आपल्या पूर्वजांची होती."

"हो का! म्हणजे तुमची ती होडी, आणि माझी आई आगंतुक? चल, नीघ!"

तो निघाला खरा. पण जाता जाता त्यानं एक कळी तोडून चिमटीत दाबली — आणि पाण्याची धार थेट तिच्या नाकावर! वर मेला हसत होता.

मग तो रोज येऊ लागला. तीही रोज भांडायला तयार. एकदा त्यानं तिला डोंगरावर नेलं. तिच्याच झाडाची पिल्लावळ उतारभर माजली होती आणि त्या सावलीत जुनं रान वाळत होतं. खरं होतं ते... म्हणूनच तिला जास्त राग आला.

"आता तरी हो म्हण," परतल्यावर झाडाखाली थांबून तो म्हणाला. वरून पावसाची बारीक भुरभुर चालली होती.

"कसं म्हणू? याच्या मुळाशी माझी एनुआ आहे!"

रारोटोंगात एनुआ म्हणजे जमीन, आणि एनुआ म्हणजे बाळंतपणातली वारही. बाळ झालं की वार परसात पुरायची आणि वर झाड लावायचं. तेपाएरूच्या वारेवर आईनं हेच रोप लावलं होतं. आता आईही राहिली नव्हती.



"तुझी कुठं पुरलीय?" तिनं ठसक्यात विचारलं. "कुठल्या अस्सल झाडाखाली?"

"कुठंच नाही. ऑकलंडच्या दवाखान्यात जन्मलो. आईनं मागितली... पण तोवर त्यांनी कचऱ्यात टाकली होती."

"टाकली? माणसाची एनुआ? आणि तू गप्प बसलास?"

"एका दिवसाचा होतो गं मी..."

"लाज कशी वाटली नाही त्यांना!" तिचे डोळे भरून आले. इतका संताप तिला स्वतःसाठीही कधी आला नव्हता. "काढ ते झाड!"

"काय?"

"काढ म्हणते ना! माझी एनुआ मातीत आहे, ती काय झाडाबरोबर जाणारेय? तिथं तुला हवं ते झाड लाव. पण आपल्या पोराची एनुआ त्याच्याखालीच पुरायची, सांगून ठेवते! दवाखान्यातून मी स्वतः भांडून आणीन. बघतेच कोण टाकतंय ते!"

तो आ वासून उभा. "आपल्या... पोराची?"

आपण काय बोलून बसलो ते तेपाएरूला तेव्हा कळलं. कान तापले... पण माघार घेईल ती तेपाएरू कसली!

"मग? इतके दिवस मी काय नुसती झाडासाठी भांडत होते?"