शेवटच्या बाकासाठी ठेका

“तुला तबला खरंच येतो, की नुसताच बडवतोस?”

मनवा आणि प्रिती या मैत्रिणींनी पैजच लावली होती, हे विचारून दाखव! मी, एस्तेर, दहावीत, चर्चच्या क्वायरमधला सगळ्यात मोठा आवाज… मी घाबरते काय? भर सरावात विचारलंच.

योएल भिंगारदिवेने मान वर केली. हसला. “अजून शिकतोय गं.”

त्या हसण्याने मी पुढची ओळच विसरले!

पण मी गप्प बसले कुठे? नाताळच्या गीतस्पर्धेत सोलो माझा होता. “सर, हा रविवारी प्रत्येक ओळीला रेंगाळतो. माझं गाणं पडेल,” मी क्वायर बसवणाऱ्या राजरत्न सरांना सगळ्यांसमोर सांगितलं. पुढच्या शनिवारी तबल्याच्या जागी कीबोर्ड आला, रविवारच्या उपासनेसाठीसुद्धा. योएल सतरंज्या अंथरत राहिला.

रविवारी मला उपासनेला उशीर झाला. जागा मिळाली ती थेट शेवटच्या बाकावर, राधाआजींशेजारी. त्यांना दमा. अर्ध्या ओळीतच श्वास संपायचा. कीबोर्ड थांबतोय थोडाच? मंडळी दुसऱ्या कडव्यावर, आजी अजून पहिल्यातच. शेवटी त्यांनी गीतांचं पुस्तक मिटलं.

“आधी जमायचं गं,” त्या हळूच म्हणाल्या. “तो तबल्यावरचा पोरगा माझ्याकडे बघून थांबायचा.”

म्हणजे… ते रेंगाळणं नव्हतंच! एवढ्या लोकांतून तो एका म्हाताऱ्या आजीसाठी थांबायचा, दर रविवारी. आणि माझ्या टोमण्यांवर चकार शब्द नाही!

मी पुस्तक पुन्हा उघडलं. आजींच्या श्वासाने गायले. एकदम हळू.

उपासना सुटल्यावर आधी सरांना गाठलं. “चूक माझी होती. योएलला परत बसवा ना, प्लीज.” सर हो म्हणाले, तशी धावत सुटले. लालबागच्या मसाल्यांच्या दुकानांपाशी तो दिसला. तिथे मिरची कुटत होते. माझे नाक-डोळे वाहायलाच लागले.

“योएल… सॉरी. सगळ्यांसमोर बोलले मी.”

“अगं, रडू नकोस ना.”

“रडत नाहीये! मिरची आहे!”

“हो का?”

“…थोडी रडतेय पण.”

त्याने रुमाल पुढे केला. बोटं लागली, नाही लागली…

“राग नाही आला तुला?”

“आला ना! शनिवारभर होता.”

“मग?”

“आज मागे वळून बघितलं. तू आजींसाठी पुस्तक धरून गात होतीस… तेव्हाच गेला.” तो अडखळला. “एस्तेर, मला तू…”

“बोल की. घाई नाहीये मला.”

“…आवडतेस.”

प्रभू, थँक यू! आजींसाठी, याच्यासाठी… उशीर झाला त्यासाठीसुद्धा!

घोडपदेवला घरी पोचले तेव्हा मम्मी बोंबील तळत होती, पप्पा पेपर वाचत होते. मी दारातच उभी राहिले.

“पप्पा, मम्मी, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. नाताळला मी योएलच्या तबल्यावर गाणार, राधाआजींना सोबत घेऊन. नंबर नाही आला तरी चालेल. आणि… योएल मला आवडतो. लपूनछपून काही नको मला. बारावी होईपर्यंत भेटायचं ते चर्चमध्ये, नाहीतर तुमच्यासमोर, असं मी ठरवलंय. म्हणून पुढच्या रविवारी त्याला जेवायला बोलावलंय.”