आखजीचा मुराळी

आखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. धामणगाव बढे गावात भिंतीला भिंत लागून दोन घरं आहेत, एक गोजरबाईचं आणि एक वच्छलाबाईचं. गोजरबाई शेवयांचं यंत्र परत द्यायला शेजारी गेली. यंत्र ठेवायचं आणि माघारी यायचं, एवढंच काम. पण वच्छलाबाई पलंगावर लुगडी पसरून पिशवी भरत बसलेली.

“उद्या भागवत येते न्यायले,” ती म्हणाली. “म्या म्हटलं, एवढ्या उन्हात कायले येतं रे? तं म्हनते, बहिणीबगर आखजी होते काय?”

गोजरबाई वरून हसली, आतून जळून खाक झाली. दरसाल हेच! पिंपळगाव राजाहून भागवतची गाडी यायची, गल्लीत आडवी लागायची, आणि संध्याकाळी वच्छलाबाईच्या मोबाईलवरून माहेरच्या झोक्याचे फोटो यायचे. म्हातारी आई मागल्या वर्षी गेली, तरी हिचं माहेर काही आटलं नाही. गोजरबाईला एकुलता एक भाऊ होता, पुंजाजी. तो वारला आणि भावजयीनं पुन्हा साधा फोन केला नाही. आखजीला बाया माहेरी झोके घ्यायच्या, आणि ही आपली दारात उभी राहून दुसऱ्यांना माहेरी न्यायला आलेले मुराळी बघायची.

“देवा, हिलेच सारं काऊन देतं रे तू?” घरी परतून खाटेवर कुरडया पालथ्या घालता घालता ती पुटपुटली.

दुपार झाली. तिचा नवरा तुळशीराम स्टँडवरच्या सोड्याच्या गाड्यावर होता. लाइट गेलेली, कूलर बंद. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. घरभर कुरडयांच्या चिकाचा आंबूस वास कोंडला होता. तेवढ्यात कडी वाजली.

दारात एक अनोळखी माणूस उभा होता. धोतर, टोपी, खांद्यावर शेला. ऊन असं की दगड फुटावा, पण गड्याच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता.

“वच्छलाबाईचं घर हेच ना? न्यायले आलो. मुराळी आहो मी.”

आता शेजारचं दार बोटानं दाखवायला काय लागतं? पण मुराळी हा शब्द नेमका दुखऱ्या जागी लागला. त्या उंबऱ्यावर असं विचारत किती वर्षांत कोणी आलं नव्हतं! घटकाभर आपल्यालाही माहेर असू दे, पाणी पाजू आणि मग हसून खरं काय ते सांगू, असं तिच्या मनात आलं.

“हाव, मीच वच्छला,” ती म्हणाली. “या ना, बसा.”

तो बसला. तिनं तांब्या दिला. त्यानं तो रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. तिनं भरला. पुन्हा रिकामा. पिताना ना घोटाचा आवाज, ना गळ्याची हालचाल. शेवटी तिचा तांब्या माठाच्या बुडाला खरवडला. सकाळी तिनंच तो काठोकाठ भरला होता.

“लय तहान लागते वो तिकडं,” तो म्हणाला. “पाणीच नाही…”

“तिकडं… म्हंजे पिंपळगावले?”

त्यानं शेला सावरला. “माय वाट पाहून राह्यली. म्हने, आखजीले पोरीले घेऊनच या.”

माय? गोजरबाईच्या हातातून तांब्या सुटला. वच्छलाच्या आईच्या दहाव्याला ती स्वतः गेली होती. पिंडाला कावळा शिवलेला तिनं डोळ्यांनी पाहिला होता.

भिंतीपलीकडून वच्छलाबाईचं हसू ऐकू येत होतं. भावाशीच फोनवर बोलत असणार. आणि खोटं कशाला बोला, गोजरबाईच्या मनात आलंच, सांगून टाक. म्हण, वच्छला पलीकडं आहे. माहेर माहेर करते ना, जाऊ दे एकदाची! मग ती दचकली. त्या माणसापेक्षा तिला स्वतःचीच जास्त भीती वाटली.

तो उठला. “उद्या याच टायमाले येतो. तयार राय.”

त्याचं पाऊल बाहेर पडलं आणि लाइट आली. कूलर घरघरला. तिनं डोकावून पाहिलं, तर गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी.

तिनं कोणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

दुसऱ्या दिवशी सकाळीच भागवत आला. “येतो वं, गोजरबाई!” वच्छलाबाईनं गळामिठी मारली. जपून जा, एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण गोजरबाईची नजर गाडीच्या नव्या सीटांवर गेली आणि ओठ मिटले ते मिटलेच.

मग तिनं पितरांसाठी पाण्याची घागर भरली. गव्हावर कोरी घागर, तिच्या तोंडावर खरबूज, पुढं पुरणपोळी. तुळशीराम पाया पडला, जेवला आणि गाड्यावर गेला. ऊन डोक्यावर आलं तशी लाइट गेली. कडी वाजली.

“ते मी नोहो!” दाराला पाठ लावून ती किंचाळली. “वच्छला दुसरी बाई हाय! पिंपळगावले गेली ते… तिकडं जा, तिलेच ने!”

 दाराच्या फळीपलीकडून, अगदी कानाशी आवाज आला.

“तिलेच नेत होतो… पण पाणी तुह्या घरचं पेलो ना, बाई, आता तुलेच न्या लागते. अन् वाटेत पुंजाजी भेटला. म्हने, माह्या बहिणीले न्यायले कोनी जात नाही, तिचा जीव जळते… तो बी आला सोबत.”

आणि गल्लीतून दुसरा आवाज आला. त्या नावानं तिला एकच माणूस हाक मारायचा.

“गोजे… चाल ना वं. झोका बांधला…”

गोजरबाई रडू लागली. भीतीनंच रडत होती. पण इतक्या वर्षांच्या जळत्या काळजाला कुठंतरी गारही वाटलं. तिचा हात कडीकडे गेला.

तिन्हीसांजेला तुळशीराम घरी आला. दार सताड उघडं. बायकोच्या चपला दारात, बायको नाही. माठ कोरडा. घागरही कोरडी, आणि खालच्या गव्हाचा एकही दाणा भिजलेला नव्हता. तो हाका मारत गल्लीत आला, तोच मोबाईल वाजला. वच्छलाबाई होती.

“भाऊजी, गोजरबाई घरी पोचली काय? दुपारी इकडं आलती. अनवाणीच. मायच्या फोटोखाली बसली अन् पाणी मांगे, दुसरं बोलेच ना. मंग मी चहा ठेवाले गेली, पाह्यतो तं नाही…”

तुळशीरामची नजर दारातल्या चपलांवर गेली.

“भाऊजी… सारा माठ पेली वो ते.”