तेलात ठेवलेला पाचू

"कापताना बोट राहील ना?" त्याने विचारलं.

"बघू," मी म्हटलं आणि त्याचा हात कामाच्या टेबलावर ओढून घेतला.

आत्याच्या दुकानात सोनारकाम शिकायला लागल्यापासून बोटात अडकलेल्या अंगठ्या मी पुष्कळ पाहिल्या होत्या. पण बायकी अंगठी करंगळीत कोंबून, बोट टम्म सुजवून आलेला हा पहिलाच. मी अंगठीखाली पातळ पट्टी सरकवली आणि पाचूच्या बरोबर विरुद्ध बाजूला करवत लावली.

"कुणाची आहे?"

"आईची. एका मुलीला द्यायची होती. ती… नाही म्हणाली. मग रागाच्या भरात मीच घातली."

मला हसू आवरेना. तोही हसला, तेव्हा "हलू नका" म्हणून मी त्याला दटावलं. अंगठी कापली गेली आणि बोट सुटलं.

अंगठी सांधायला ठेवून तो गेला. पाचूला आच सोसत नाही, म्हणून मी आधी खडा काढला, सोनं सांधलं, खडा परत बसवला. दुसऱ्या दिवशी दुपारीच काम संपलं. संध्याकाळी तो आला आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"पाचू तेलात ठेवलाय. वेळ लागेल… उद्या या."

"तेलात? तळताय की काय?"

"आतल्या बारीक भेगा भरतात त्याने." पाचूला तेल देतात, एवढं मात्र खरं होतं.

मग तो रोजच यायला लागला. हा चिमटा कशाला, ती कानस कशाला, असं विचारत बसायचा. त्याला थोडा उशीर झाला की माझं लक्ष दाराकडे. एकदा त्या नादात चांदीची साखळी वितळवून बसले. तो गेला की मी कपाटातून अंगठी काढायची आणि उगीचच घासत राहायची.

"अजून पॉलिश केलंस तर सोनं उरायचं नाही," आत्या म्हणाली. "तुझ्या बोटवाल्याला काय देणार मग?"

एका संध्याकाळी तो आला, पण बसला नाही.

"त्या मुलीचा फोन आला होता. पुन्हा भेटू म्हणतेय. उद्या अंगठी मिळेल?"

"मिळेल," मी फटकन म्हटलं.

घरी गेल्यावर मी स्वतःवरच चिडले. मला तो हवा होता, आणि दुसरीच्या बोटात जाणारी अंगठी मी माझ्याच हातांनी त्याला देणार होते. असला खुळेपणा माझ्याशिवाय कोण करणार?

दुसऱ्या दिवशी मी डबी त्याच्यासमोर ठेवली. "गरम पाण्यात घालू नका. अत्तर, साबण लागू देऊ नका. मऊ कापडाने पुसायची. तिलाही सांगा. आणि…" माझे कान तापले. "ही केव्हाच तयार होती. तेल-बिल काही नाही. तुम्ही यावं म्हणून खोटं बोलले."

"माहीत आहे. आत्यांनी मला कधीच सांगितलं."

मी वळून पाहिलं, तर आत्या तराजू पुसण्यात अगदी गर्क.

"मग रोज कशाला येत होतात?"

"तुम्ही कशाला खोटं बोलत होतात?"

मी डबीचं झाकण उगीचच उघडलं आणि पुन्हा लावलं.

"तिला सकाळी भेटून आलो," तो हळूच म्हणाला. "या वेळी 'नाही' मी म्हणालो."

"मग अंगठी का मागितलीत?"

"देता की अडवता, ते बघायचं होतं. तुम्ही लगेच 'मिळेल' म्हणालात… रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला."

त्याने डबी माझ्याकडे सरकवली. मी ती परत ढकलली.

"ही आईंना देऊन या. दुसरीसाठी काढलेली मला नको. माझी मी घडवेन."

"आणि मी काय करू?"

"बसा," मी कागद-पेन्सिल काढत म्हटलं. "आधी नक्षी ठरवू."