चौथ्या घुमटाचा आकडा

मानवजातीच्या इतिहासात प्रथमच सत्य कोणत्याही अडथळ्याविना राज्यकर्त्यापर्यंत पोहोचणार होतं. ते घेऊन निघालेली डॉ. शाल्मली कारखानीस मात्र सात मजले जिना चढत होती, कारण लिफ्ट बंद होती.

मंगळावरच्या लोहपूर वसाहतीखाली निकेल इतकं होतं, की पृथ्वीवरचे व्यापारी रांगा लावत. तरीही चौथ्या घुमटात श्वास पुरत नसे. शाल्मलीचे वडील तिथेच राहत. हल्ली ते वाक्याच्या मध्येच थांबून दम घेत.

"याला वार्ताक्षय म्हणतात," तिने प्रा. टिपणिसांना प्रयोगशाळेत समजावलं होतं. "वाईट बातमी हुद्द्याच्या प्रत्येक पायरीवर अर्धी होते. माणूस गुदमरतो, निरीक्षक 'किरकोळ तक्रार' लिहितो, उपसंचालक 'समाधानकारक' म्हणतो आणि अध्यक्षांपर्यंत अभिनंदन पोहोचतं. आमच्या सत्यवाहिनीत संवेदक प्राणवायू मोजणार, आकडा थेट अध्यक्षांच्या टेबलावर. मध्ये माणूसच नाही!"

"आणि पाहणी दौरा?"

अध्यक्ष एखाद्या घुमटात जाणार असले, की आदल्या दिवशी इस्पितळातली प्राणवायू-यंत्रं उचलून तिथे बसवत आणि दौरा संपताच परत नेत. रुग्ण तेवढा वेळ समजून घेत.

"संवेदक दौऱ्यानंतरही मोजतो, सर."

"छान. पण माझ्या सूत्रात दोन संख्या आहेत बरं का. राज्यकर्त्याला किती कळतं ही एक, आणि काही केलं नाही तर त्याची खुर्ची जाण्याची शक्यता ही दुसरी. जनतेची सुबत्ता म्हणजे दोन्हींचा गुणाकार. आपल्याकडे शेवटची निवडणूक कधी झाली?"

"तुम्ही ना सर, नेहमी वाकडंच बोलता. अहो, कळलं की माणूस वागतोच!"

"बघू," म्हणत टिपणिसांनी चहात बिस्किट बुडवलं.

सातव्या मजल्यावर आजन्म अध्यक्ष रणसुभे प्रसन्न होते. पडद्यावर चौथा घुमट लालभडक दिसत होता.

"सर, या हवेत माणसं मरतील," शाल्मली धापा टाकत म्हणाली. "नवी यंत्रं एका जहाजभर निकेलच्या किमतीत येतात."

"यंत्रणा उत्तम आहे. आकडा तंतोतंत."

"तंतोतंत? तुम्ही कशावरून म्हणता?"

"बाई, दौऱ्याआधी इस्पितळातली यंत्रं कोणाच्या हुकमाने हलतात असं वाटलं तुम्हाला? तिथली हवा मी कशाला घेऊ?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला ठाऊक नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

शाल्मलीने पडद्यावरच्या लाल घुमटाकडे बोट केलं. "माझे वडील राहतात हो तिथे!"

"मग तुम्हालाही यंत्रणेची गरज नव्हती." रणसुभ्यांनी खुर्ची किंचित मागे झुकवली आणि अगदी मनापासून, कुतूहलाने विचारलं, "समजा, मी यंत्रं नाहीच आणली. माझं काय होईल?"

शाल्मलीने टिपणिसांची दुसरी संख्या आठवली. तिने पहिली कितीही मोठी करून पाहिली. गुणाकार शून्यच येत होता.

जाताना अध्यक्षांनी तिला आपली खासगी लिफ्ट देऊ केली. ती चालू होती.

सत्यवाहिनी त्याच महिन्यात सगळ्या घुमटांत बसली. वर्षभरात चौथ्या घुमटातलं प्राणवायूचं प्रमाण सुधारलं आणि अध्यक्षांनी शास्त्रज्ञांचा जाहीर सत्कार केला.

तिथे श्वास घेणारे कमी झाले होते. कमी झालेल्यांत शाल्मलीचे वडीलही होते.