संध्याकाळचं चालणं

पनवेलहून सुटलेल्या रोहा गाडीत तो माझ्यासमोर येऊन बसला, तेव्हा दोघांच्याही मांडीवर एकाच हॉस्पिटलची मोठी पाकिटं होती.

"मेंदूचं?" त्यानं विचारलं.

"व्हय. आजोबांच्या डोक्यात गाठ हाय. ऑपरेशन करू म्हणाले. तुमचं?"

"आईच्या डोक्यात." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "आजोबांचं वय?"

"अठ्ठ्याहत्तर."

"माझी आई सत्तरची. तरी तिला… आत्ता नको म्हणाले."

त्याचं नाव हरेश. पेणच्या खाडीकडचा, डोलवीला कंपनीत कामाला. डॉक्टरांनी दोघांनाही तेच समजावलं होतं. म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन कसं होईल हे नुसत्या वयावरून ठरत नाही, अंगात ताकद किती, त्यावरून अंदाज बांधतात. माझे आजोबा अजून शेतात राबायचे. त्याच्या आईला, सीताबाईंना, मात्र खुर्चीतून उठायलाही आधार लागायचा. गाठ साधी होती, हळू वाढणारी. खाऊपिऊ घाला, चालवा, मग बघू, असं त्यांना सांगितलं होतं.

"आणि ऑपरेशननंतर उठल्यावर तिनं मला ओळखलंच नाय तर?" पेण जवळ आलं तसं तो म्हणाला.

मी नंबर दिला. "चालतायत का, ते कळवा."

आजोबांचं ऑपरेशन नीट झालं. आणि हरेशचा व्हिडिओ कॉल रोज संध्याकाळी येऊ लागला. तिकडे अंगणात सीताबाई चालायच्या, इकडून आजोबा ओरडायचे, "अजून एक फेरी मारा!" मग मी फोन हळूच आतल्या खोलीत न्यायचे…

"आज केस मोकळे?"

"धुतलेत. तुला काय करायचंय?"

"मला काय नाय… आई विचारतेय."

"आई मागे देवापुढे बसल्यात. दिसतायत मला."

दोन महिन्यांनी डॉक्टरांसमोर सीताबाई हात न टेकता खुर्चीतून उठल्या. ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी रोह्याहून पहिल्या गाडीनं गेले. हरेश भिंतीला टेकून उभा होता, ओठ कोरडे पडलेले. दुपारी कधीतरी त्याचा हात माझ्या हातात आला – आधी कुणी धरला, आठवत नाही.

मग आत सोडलं. सीताबाईंच्या डोक्याला पट्टी, डोळे अर्धे उघडे. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"हरेश… दाढी कर रं."

तो तिथंच हसायला लागला, आणि रडायलाही.

मग सीताबाईंची नजर माझ्यावर आली. "आलीस गो? ह्याला सांग, आता तरी मला दोनदा चालवू नको."

"दोनदा?"

हरेश कानापर्यंत लाल झाला. "डॉक्टरांनी सकाळचंच सांगितलं होतं. संध्याकाळी… तुला फोन करायला निमित्त नको?"

"म्हणजे दोन महिने तू आईला—"

"त्यानंच बळ आलं तिला!" मग हळूच म्हणाला, "आता निमित्त उरणार नाय. प्रतिक्षा… नुसताच फोन केला तर उचलशील?"

दिवसभराचं छातीवरचं ओझं एकदम उतरलं. मला हसूच फुटलं.

"फोन कशाला? रोह्याला ये. आजोबांशी बोल… आपल्याबद्दल."

"नाय म्हणाले तर?"

"नाय म्हणत," मी म्हणाले. "मी कधीच विचारून ठेवलंय."