इब्बीची ओळ

त्या दुपारी मी कालव्यावरून ओली माती घेऊन आलो, एवढंच. उन्हापायी सारं लार्सा शहर दारं लावून झोपलं होतं. मी राजवाड्याचा गायक. परवाच्या मेजवानीसाठी सिंहाच्या शिकारीचं गाणं मातीच्या पाटीवर लिहीत होतो.

लुगाटुम कारभारी दाराला टेकून उभा राहिला. "सिंह महाराजांनी मारला. एकट्यानं. तुझा तो शिकारी इब्बी काढ त्यातून."

"जबड्यात हात इब्बीनं घातला, कारभारी. महाराज तेव्हा चिखलात पालथे होते."

"आणि तू?"

मी पळत होतो. ते त्यालाही ठाऊक होतं. मी गुमान अंगठ्यानं नाव पुसलं. तो हसत गेला.

सिंहानं इब्बीला दलदलीत ओढत नेलं, प्रेत मिळालंच नाही. ना बायको, ना पोर. आमच्यात मेलेल्याला घरातलं कुणी नाव घेऊन पाणी पाजतं, जमिनीत पुरलेल्या नळीतून. नाव घेणारं नसलं, की तो तहानेलाच भटकतो. इब्बीचं नाव फक्त माझ्या गाण्यात होतं.

कोपऱ्यात, जमिनीखाली माझा बाप पुरलेला. त्याच्या नळीतून आवाज आला... कोरड्या घशानं आवंढा गिळावा तसा. मग दलदलीच्या कुजक्या पाण्याचा वास सुटला.

"कोण...?"

पुन्हा तोच आवंढा.

दुसऱ्यांदा पळायची लाज वाटली. मी घागर उचलली. "इब्बी, घे. लिहितो रे परत... लिहितो."

अख्खी घागर गेली. दुसरीही गेली. नळी भरेना.

मग मी नाव पुन्हा लिहिलं, पहिल्यापेक्षा खोल, आणि पाटी कुंभाराच्या भट्टीत भाजून आणली. आता पुसून दाखव म्हणावं.

मेजवानीत ते नाव मी घसा ताणून गायलो. लुगाटुम ताडकन उठला. "जीभ छाटा याची."

"छाटा की. ऐकलंय मात्र सगळ्यांनी. किती जिभा छाटाल?"

"गाऊ दे त्याला," राजा पुटपुटला. तो माझ्याकडे बघतच नव्हता. समोर जवाच्या दारूचा घडा होता. आमच्याकडे दोस्त एकाच घड्यातून पितात, ज्याची त्याची बोरूची पोकळ काडी. राजाच्या काडीशेजारी दुसरी काडी उभी होती, ताजी कापलेली, चिखलानं माखलेली. शेजारी कुणीच बसलं नव्हतं. दारू मात्र हळूहळू खाली जात होती.