त्र्याण्णव नंबरचं घर

त्र्याण्णव नंबरचं घर रंगकामाच्या यादीत पुन्हा तळाला गेलं होतं. सलग एकोणिसावा दिवस.

एकसारखी एकशे वीस घरं. गवंडी, गिलावेवाले, रंगारी अशा टोळ्या एका घरातून पुढच्या घरात सरकायच्या. कुणी कधी कुठे जायचं ते टॅबवरचा नकाशा सांगायचा. आळ आला तो नकाशा लावणाऱ्या मुलीवर. आज छडा लागला नाही तर तिची नोकरी जाणार होती.

"पासवर्ड तुझाच आहे," तपासनीस बाई म्हणाल्या.

"हो मॅडम. पण बदल होतो सकाळी सात-दहाला. मी नऊला येते."

"घरी जाताना टॅब कुठे ठेवतेस?"

"गोदामात, चार्जिंगला. चालूच असतो."

"किल्ली?"

"मुकादमकाकांकडे. पण त्यांना वाचतासुद्धा येत नाही हो. आणि तीनच महिने झालेत, त्यांचा मुलगा परांचीवरून पडून गेला. त्यांना कशाला छळायचं?"

बाई नकाशावर एकेका घराला बोट लावत गेल्या. तिथे शेवटचं काम कुणी केलं त्याचं नाव दिसायचं. पुढचं काम झालं की जुनं नाव जाऊन नवं यायचं. घरामागून घर, रंगाऱ्यांचीच नावं. त्र्याण्णववर मात्र होतं : 'गिलावा, बारक्या.'

बाईंचं बोट तिथेच थांबलं. त्यांनी मुकादमाला बोलावलं.

"मुकादम, किती अक्षरं ओळखता?"

म्हाताऱ्याने टॅबवरच्या त्या घराकडे पाहिलं.

"तीन."

"मुलाच्या नावाची?"

त्याने मान डोलावली.

"रंग लागला की ते नाव जाणार," बाई हळूच म्हणाल्या. "बाकीच्या घरांवरून गेलंच आहे. म्हणून रोज गोदाम उघडलं, की तुम्ही हे घर बोटाने यादीच्या तळाला ओढत होतात."

मुकादम मुलीकडे वळला. "पोरीवर बालंट येईल हे डोक्यातच आलं नाही, बाई. पोरी, चुकलो गं."

मुलगी तोंडाला ओढणी लावून रडत होती.

"मी ते नाव छापून देते तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"कागदावर तो गेलेलाच आहे, बाई. इथं तो अजून कामावर होता."

बाईंनी टॅब मुलीच्या हातात परत दिला.

दुपारी रंगारी त्र्याण्णवमध्ये शिरले. दार मुकादमानेच उघडून दिलं.